मढवी सरांचा बफर

परशुराम मढवी सरांनी पुतणीला जो शब्द दिला तो चहाचा कप बशीत ठेवता ठेवता, फारसा विचार न करता दिला. पुढचं सगळं रामायण त्या एका बेसावध क्षणातून निघालं.

शेवंतीचं लग्न ठरलं होतं. तिचा बाप, म्हणजे सरांचा थोरला भाऊ कान्हा, मस्कतच्या एका हॉटेलच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा आणि त्याला रजा मिळत नव्हती. मॅनेजर म्हणे भला माणूस होता, पण नेमक्या त्याच आठवड्यात हॉटेलात कुणा शेखाकडचं कार्य होतं, आणि शेखाच्या कार्यापुढे बाळकुमच्या हळदीला कोण विचारतो? डोंबिवलीहून सर बाळकुमला गेलेले ते भावजयीचं, रंभावहिनींचं, सांत्वन करायला. वहिनींनी सांत्वन करून घेतलं नाही. त्या पापड मोजत बसल्या होत्या. चहा घेऊन आली शेवंती.

"काका, बाबा नाहीत तर नाहीत," ती म्हणाली. "पण हळदीला त्यांची गिटार तरी वाजेल का? तोच आवाज. तो लाल डब्याचा."

"वाजेल की," सर म्हणाले. "त्यात काय."

त्यात बरंच काही होतं. सर डोंबिवलीच्या एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवायचे आणि गिटारवादक म्हणून त्यांची कारकीर्द अशी, की पूर्वी कान्हाच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम असला की तो स्वतः हॉलच्या मागच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहायचा आणि आवाज कसा पोचतो ते पाहायला स्टेजवर धाकट्या भावाला उभं करायचा. त्यासाठी त्याने परशुरामला एक छोटीशी चाल शिकवली होती. चार सुरांची, वर जाऊन खाली येणारी. सरांचा सगळा संगीतसंसार त्या चार सुरांत आटोपत होता, आणि तोही फक्त रिकाम्या हॉलमध्ये.

कान्हाचा बेस इतरांसारखा नुसता धुम धुम करायचा नाही. त्याच्या पायाशी पत्र्याचा एक लाल डबा असे. त्याला तो फझ म्हणायचा. डब्यावरचं बटण पायाने दाबलं की आवाजाला खरबरीत साल चढायची, जणू एखादा रेडा घसा साफ करून प्रेमाचं काही बोलू पाहतोय. घरात तालीम चालली की मांडणीतल्या ताटल्या गुणगुणायच्या. शेवंती लहानपणी त्या स्पीकरच्या खोक्याला पाठ लावून झोपायची आणि वाजणं थांबलं की जागी व्हायची. कान्हा मस्कतला गेला तेव्हा ती शाळेत होती. आता ती लग्नाला आलेली आणि बाप अधूनमधून येणारा एक पाहुणा झालेला, अत्तर आणि खजूर घेऊन येणारा.

गिटार आणि लाल डबा सरांकडे होते, कारण बाळकुमच्या खाडीच्या हवेत तारा गंजतात. डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये कपाटावर ते दोन्ही निजलेले असत. दर दिवाळीला सर गिटार खाली काढत, पुसत, मांडीवर घेऊन थोडा वेळ नुसते बसत आणि परत वर ठेवत. त्यांनी ती कधी विजेला लावली नव्हती. का नाही, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही स्वतःला विचारलं नव्हतं.

बाळकुमहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सरांनी गिटार लाल डब्याला आणि डबा घरच्या टू-इन-वन रेडिओ-टेपच्या माइकच्या भोकाला जोडला, आणि ते चार सूर वाजवले. बाटलीत सापडलेल्या गांधीलमाशीसारखा आवाज आला.

"अहो," स्वयंपाकघरातून सगुणाबाई म्हणाल्या, "आपला मिक्सर आपोआप चालू झालाय का बघा."

टू-इन-वनचा स्पीकर तळहाताएवढा होता. त्यातून रेडा कसा बाहेर पडणार, हे पाचवीतल्या मुलाच्याही लक्षात आलं असतं. पण सर दहावीला शिकवायचे. त्यांना याहून खोल कारण हवं होतं, आणि एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात ते सापडलं. कारणाचं नाव इम्पीडन्स, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा.

हे सगुणाबाईंना त्यांनी जेवताना समजावून सांगितलं ते असं: गिटारमधून निघणारा विजेचा प्रवाह म्हणजे लाजरा पाहुणा. फझचा डबा म्हणजे असा यजमान, की जो पाहुण्याला दारातच मिठी मारून त्याच्या हातातली पिशवी, छत्री, चपला सगळं ओढून घेतो. पाहुणा घरात पोचेपर्यंत त्याच्यात काही उरतच नाही. म्हणून मध्ये एक सभ्य मध्यस्थ उभा करायचा. तो पाहुण्याकडून काही मागत नाही आणि यजमानाला हवं तेवढं पुरवतो. त्या मध्यस्थाला बफर म्हणतात.

"म्हणजे तुमच्या आईसारखा," सगुणाबाई म्हणाल्या. "तुम्ही आणि कान्हाभावजी एकमेकांशी कधी सरळ बोललाच नाहीत. सगळं आईंच्या थ्रू."

सरांनी आमटी वाढून घेतली. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून मस्कतला खुशाली जायची ती रंभावहिनींच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीतून.

बफर करायला ट्रान्झिस्टर, कंडेन्सर आणि चार रेझिस्टर लागतात, आणि एक धातूचा डबा. सुटे भाग सरांनी मुंबईहून आणले. डब्यासाठी त्यांनी सगुणाबाईंचा लवंगांचा डबा रिकामा केला. लवंगा कागदाच्या पुडीत गेल्या आणि पुढे महिनाभर सापडल्या नाहीत, पण तो वेगळा विषय आहे.

बफर चालला. ही गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण पुढे लोकांनी उलटसुलट बोलायला कमी केलं नाही. शास्त्राप्रमाणे बफर अगदी बरोबर चालला. फक्त तो मध्ये आल्यावर लाल डबा घोगरं बोलायचा बंद झाला आणि किंचाळायला लागला. लाजरा पाहुणा आता यजमानाच्या कानात कर्णा लावून ओरडत होता. त्यातच बफरच्या लांब वायरींनी आकाशवाणी पकडली. सरांनी तारेवरचं बोट उचललं की खोलीत एक गंभीर पुरुषी आवाज पावसाळ्यात जनावरांच्या खुरांची निगा कशी राखावी ते सांगू लागायचा.

तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी टिळवे दारात उभे राहिले. टिळवे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले होते, पण नोकरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नव्हती.

"मढवी सर," ते म्हणाले, "आपण गाय घेण्याचा विचार करताय का?"

"नाही. का बरं?"

"दोन दिवस तुमच्या घरातून गुरांच्या लसीबद्दल चर्चा ऐकू येतेय. पाळीव प्राण्यांसाठी जनरल बॉडीची परवानगी लागते. कुत्र्याला मिळेल. गायीचं सांगता येत नाही."

सरांनी बफर दाखवला. टिळव्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, हुंगला, आणि लवंगेच्या वासाने त्यांचा संशय वाढला.

खालच्या मजल्यावरच्या सरोजताई हार्मोनियमचे क्लास घ्यायच्या. जिन्यात भेटल्यावर त्यांनी आधी सांगितलं की त्या आवाजात पंचम उतरलेला आहे, आणि मग सल्ला दिला. "आमच्या जुन्या रेडिओला हे नळाला वायर बांधायचे. सगळी खरखर जमिनीत जायची. करून तर बघा."

विज्ञानाच्या दृष्टीने सल्ला चोख होता. सरांनी बफरची वायर बाथरूमच्या नळाला गुंडाळली. खुरांची निगा लगेच बंद झाली. सरांनी समाधानाने ते चार सूर वाजवले, परत वाजवले. किंकाळी होतीच, पण निदान ती आता शुद्ध किंकाळी होती. बफरला वीज देणाऱ्या स्वस्तातल्या एलिमिनेटरमधून थोडीशी वीज नळातही उतरतेय, हे त्यांना कळलं नाही. ते कळलं वरच्या मजल्यावरच्या टिळव्यांना, दाढी करताना. जीवाला धोका व्हावा इतकी ती नव्हती, नुसत्या मुंग्या. पण गालाला ब्लेड लावलेल्या माणसाला मुंग्या येणं चांगलं नाही.

संध्याकाळी जिन्याखालच्या फळ्यावर सूचना लागली: 'कोणत्याही सभासदाने नळामध्ये संगीत अथवा विद्यूत प्रवाह सोडू नये.' शाळेतून येताना सर थांबले, त्यांनी खिशातला खडू काढला आणि 'विद्यूत'मधला दीर्घ ऊ ऱ्हस्व केला. ती त्यांच्या हाताची सवय होती, त्यात अपमानाचा हेतू नव्हता. पण गालाला पट्टी लावलेले टिळवे गॅलरीतून पाहत होते.

मग सभा झाली. सभेत नळ, गाय, खडू आणि गच्चीवरच्या टाकीची गळती अशा सगळ्याच विषयांवर चर्चा झाली. एलिमिनेटर बंद, बफर चालवायचा तर बॅटरीवर, असं ठरलं. सरांना सगळ्यात लागलं ते एका सभासदाचं वाक्य. "एवढा शिकलेला माणूस, या वयात हे काय खूळ?" सरांना उठून सांगायचं होतं, की हे खूळ नाही, माझ्या भावाचा आवाज आहे आणि तो मला सापडत नाहीये. पण सभेत अशी वाक्यं बोलता येत नाहीत. ते म्हणाले, "टाकीचं काम आधी घ्या," आणि खाली बसले.

रोज शाळेतून आल्यावर ते वाजवत राहिले. वायरी आखूड केल्या, एक रेझिस्टर बदलला, परत पहिलाच लावला. आवाज येईना. कधी एखाद्या सुराच्या शेवटी, सूर मरता मरता, त्यांना काहीतरी ओळखीचं ऐकू आल्यासारखं व्हायचं. हॉलच्या मागच्या भिंतीपाशी उभा असलेला एक उंच माणूस, हात वर करून 'बस, झालं' अशी खूण करणारा. मग किंकाळी परत सुरू व्हायची. सगुणाबाई आता मिक्सरचा विषय काढत नसत. त्या स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायच्या, आणि ते सरांना जास्त लागायचं.

हळदीच्या दिवशी सकाळी चुलतभाऊ गणू टेम्पो घेऊन आला. गणूची बेंजो पार्टी होती, हळदीला तीच वाजणार होती. गिटार, लाल डबा आणि बफर मांडीवर घेऊन सर पुढे बसले, सगुणाबाई त्यांच्याशेजारी. हद्दीवरच्या एका जकात नाक्यावर टेम्पो अडवला गेला.

"डब्यात काय?" कारकुनाने विचारलं.

"बफर."

"खाण्याचा?"

"इम्पीडन्स जुळवण्याचा."

कारकुनाने झाकण उघडलं, आत वायरी पाहिल्या आणि मागे सरकला. ते दिवसच असे होते की डब्यात वायरी दिसल्या की माणसं मागे सरकत. मग त्याला वास आला आणि तो पुढे सरकला. "लवंग आहे," तो विजयाने म्हणाला. "मसाल्याचा माल. कुठाय बाकीचा?"

सरांनी त्याला लाजऱ्या पाहुण्याचा दृष्टान्त सांगायला घेतला. गणूने कपाळाला हात लावला. कारकुनाने वरच्या साहेबाला बोलावलं, साहेबाने वाद्य, विद्युत उपकरण आणि मसाला यांपैकी हे नेमकं कशात बसतं यावर विचार केला, आणि कशातच नीट बसत नाही म्हणून पलीकडच्या खोलीतल्या तिसऱ्याला विचारायला गेला. तो जेवायला गेला होता. शेवटी सगुणाबाई खाली उतरल्या.

"अहो साहेब," त्या म्हणाल्या, "ते डबं माझं आहे. त्यात काही नाही. मास्तरांचा छंद आहे."

"असं सांगायचं ना मग," साहेब म्हणाले आणि टेम्पो सोडला. चार आठवड्यांच्या मेहनतीला 'त्यात काही नाही' हे प्रमाणपत्र घेऊन सर बाळकुमला पोचले.

दुपारी मांडवात गणूच्या मोठ्या ॲम्प्लिफायरला सगळं जोडलं. त्याचे स्पीकर माणसाएवढे होते. सरांच्या मनात आशा उगवली. त्यांनी बटण दाबलं, तार छेडली, आणि डोंबिवलीत तळहाताएवढी असलेली किंकाळी बाळकुममध्ये माणसाएवढी झाली. मांडवातली कुत्री निघून गेली. हळद वाटणाऱ्या बायकांच्या हातातला वरवंटा थांबला. ठमाबाई आत्या खांबाला टेकून ट्रान्झिस्टरवर खाडीच्या वाऱ्याची बातमी ऐकायच्या तयारीत बसलेली, तिने कानावर हात ठेवले. "काय रं परशा, कोनाचा जीव घेतंस?"

गणू मवाळपणे म्हणाला, "दादा, असा नको. लोकां उठून जातील."

सरांनी सगळं बंद केलं आणि मांडवामागे केळीच्या खुंटांपाशी जाऊन बसले. थोड्या वेळाने शेवंती तिथे आली.

"काका, राहू दे," ती म्हणाली. "तुम्ही आणलंत ना एवढं. बस झालं मला."

तिचा आवाज इतका समजूतदार होता की सरांना वर बघवेना. लहानपणी ती रुसायची, पाय आपटायची. समजूतदार कधी झाली, कुणाला कळलं नाही. ज्याला कळायला हवं होतं तो समुद्रापलीकडे कुणा शेखासाठी वाजवत होता.

संध्याकाळी हळद लागली. गणूचा बेंजो रंगात आला. शेवंती हातापायांना, गालांना हळद माखून पाटावर बसली होती, आणि तेवढ्यात घरातला फोन वाजला. तो फोन कान्हाने पैसे पाठवून नुकताच घेतलेला होता, आणि आज त्याचा फोन येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

रंभावहिनी धावल्या. खिडकीतून त्यांचा आवाज आला, "हॅलो. हो. हो, लागली हलद." मग त्यांनी वायर ताणून रिसीव्हर खिडकीत आणला. "मॅनेजरच्या खोलीतून करतायत. थोडाच वेल आहे. शेवंती, ये."

शेवंतीचे हात कोपरापर्यंत पिवळे. ती खिडकीपाशी गेली, रिसीव्हर आईनेच तिच्या कानाला धरला. ती नुसती ऐकत राहिली. मग वळून म्हणाली, "काका, वाजवा."

"अगं, ते दुपारी..."

"कसंही वाजवा."

गणूने हात वर करून बेंजो थांबवला. सर गिटारपाशी गेले, पट्टा गळ्यात घातला, तार छेडली. काहीच नाही. बटण दाबलं, परत छेडली. शांतता. बफरचं झाकण उघडलं तर आत बॅटरीच नव्हती. खांबाजवळ ठमाबाईचा ट्रान्झिस्टर मोठ्याने वाऱ्याचा वेग सांगत होता.

"माजा सेल संपलेला," ठमाबाई म्हणाली. "तुज्या डब्यात व्हता, काडला. तुजा काय वाजत नव्हता तरी."

तिकडे खिडकीत दोघी उभ्या होत्या आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला मॅनेजरचं घड्याळ चाललं होतं. सरांनी विचार केला नाही. त्यांनी दोन्ही वायरी उपटल्या, बफर बाजूला सारला आणि गिटारची वायर सरळ लाल डब्यात खुपसली. जराशी शिट्टी आली म्हणून गिटारवरची आवाजाची कळ किंचित मागे फिरवली. आणि पहिला सूर छेडला.

तो आला.

घोगरा, जाड, ऊबदार. मांडवाचे बांबू थरथरले. गणूने मान झटकन वर केली. वरवंट्यापाशी बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एक जण दुसरीला म्हणाली, "कान्हा आयला काय?" सरांनी कळ थोडी आणखी मागे घेतली तर आवाज मवाळ झाला, पुढे घेतली तर गुरगुरला. इतके दिवस ते मध्ये उभे राहून ज्यांची ओळख करून देत होते, त्या दोघांची आधीपासूनच ओळख होती. त्यांनी ते चार सूर पूर्ण केले, वर जाऊन खाली.

खिडकीतून वहिनी म्हणाल्या, "म्हणतायत, अजून एकदा."

मस्कतपर्यंत बेसचा आवाज पोचलाच कसा, हे पुढे सरांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना समजावून सांगितलं. जड, खालचा आवाज टेलिफोनच्या तारेत मावत नाही. पण फझ त्याचे बारीक तुकडे करतो, आणि ते तुकडे तारेतून जाऊ शकतात. पलीकडचा कान ते परत जोडून घेतो, आवाज ओळखीचा असला तर. पण त्या वेळी त्यांना यातलं काही सुचलं नाही. त्यांनी अजून एकदा वाजवलं, आणि मग अजून एकदा. गणूचा ढोलकीवाला हळूच साथीला आला. शेवंती खिडकीतून निघून स्पीकरपाशी आली, पाठ फिरवून खोक्याला टेकून उभी राहिली आणि तिने डोळे मिटले. नव्या लुगड्याची, केसांची, कुणाचीच पर्वा न करता. खोक्याच्या काळ्या कापडाला हळद लागली. गणूने ते पाहिलं आणि ढोलकीवाल्याला चालू ठेवायची खूण केली.

सर वाजवत राहिले. रिकाम्या हॉलसाठी शिकलेली ती चाल भरल्या मांडवात किती वेळ चालली कोण जाणे. खिडकीत रंभावहिनी रिसीव्हर दोन्ही हातांनी मांडवाच्या दिशेने धरून उभ्या होत्या, आरती धरतात तशा, आणि त्यांची नजर मांडवात कुठेच नव्हती.

शेवटी बोटं दुखायला लागली तेव्हा सरांनी गिटार उतरवली आणि खिडकीकडे धावले. भावाला विचारायच्या प्रश्नांची त्यांच्या घशाशी गर्दी झाली होती: ऐकू आलं का, बरा आहेस का, कधी येतोस. वहिनींच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीशिवाय, स्वतःच्या तोंडाने. त्यांनी रिसीव्हर घेऊन कानाला लावला.

आत नुसता टूंऽऽ असा आवाज येत होता.

"कट झाला?" सर म्हणाले. "कधी?"

"दुसऱ्या खेपेलाच," वहिनी म्हणाल्या. "ऐकू येतंय म्हणाले, आणि गेला."

"मग मला सांगायचं नाही का?"

वहिनींनी त्यांच्या हातातून रिसीव्हर घेतला, पदराच्या टोकाने पुसला आणि हळूच जागेवर ठेवला.

"सांगितलं असतं तर तुमी थांबला असतात, भावजी," त्या म्हणाल्या, आणि आत पाहुण्यांच्या ताटांकडे बघायला गेल्या.